नालबंद मामू

मामू कायम रस्त्याकडे पाठ करून बसायचे. त्यांचं दुकान म्हणजे लिंबाखाली चार खांबांवर टाकलेला पत्रा. त्याखाली ऐरण, शेजारी कोळशाची भट्टी आणि पुढ्यात घोडं बांधायचा खुंट. सगळं गाव त्यांच्या पाठीमागून ये-जा करी आणि मामू मान न वळवता ज्याला त्याला बरोबर नावानं हाक मारत. "मास्तर, आज शाळा लवकर सुटली व्हय?" "कोंडाबाई, गुडघा अजून न्हाय की उतरला. शेक घ्या जरा." पावलांच्या आवाजावरून त्यांना माणूस कळे. गावाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मी मात्र पहिल्या दिवशी दचकले.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून माझी ती पहिलीच नेमणूक. केम स्टेशनावर उतरून वडापच्या जीपमधून हादरे खात गावात पोचले होते आणि बॅग घेऊन दवाखाना शोधत दुसऱ्यांदा त्याच लिंबापुढून चालले होते. पाठमोरा आवाज आला, "नव्या डाक्टरबाई जणू. पाऊल भरभर पडतंय, पर जायचं कुटं ते पायाला ठावं न्हाय." मी थांबले. तेव्हाही ते वळले नाहीत. हातातल्या कानशीनं डावीकडची गल्ली दाखवली आणि पुन्हा खूर घासू लागले.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि ते तिथंच राहिलं होतं. आजोबांपासून नातवापर्यंत, सगळ्या आळ्यांचे ते मामूच. आसपासच्या दहा-बारा गावांत घोड्याला नाल ठोकणारे तेवढे एकच उरले होते. टांगे कधीच बंद झाले, वरातीला डीजे आले, पण त्या पट्ट्यात वस्तीगणिक एखादं घोडं तरी होतंच. ते होतं चैत्रातल्या भैरोबाच्या जत्रेमुळं. त्या दिवशी दुपारी घोड्यांची शर्यत व्हायची. ओढ्यापलीकडच्या माळावरून सुटायचं, बाभळीच्या वळणावरून गावाकडं वळायचं आणि देवळाच्या दीपमाळेशी यायचं. खोगीर नाही, रिकीब नाही. पाठीवर एक पोतं आणि हातात लगाम. एवढ्या काही क्षणांसाठी माणसं वर्षभर घोडं पोसत. बाहेरगावी नोकरीला गेलेले दिवाळीला एक वेळ येणार नाहीत, पण शर्यतीला हजर.

ही शर्यत कधीपासून चालत आली, असं विचारलं तर मामूंकडे तीन उत्तरं होती. मास्तरांना ते सांगत, वरच्या आणि खालच्या वाडीत पालखीला आधी खांदा कुणी द्यायचा यावरून दरसाल डोकी फुटायची, तेव्हा एका शहाण्या पाटलानं दोन घोडी पळवून निकाल लावला. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसाला सांगत, पटकीच्या साथीत औषध आणायला गेलेला स्वार एका दमात माघारी आला, त्याची ही आठवण. मला त्यांनी तिसरंच सांगितलं. "घोड्याला पळावंसं वाटलं, बाई. मानसं मागनं गेली."

"मामू, यातलं खरं कुठलं?"

"तिन्ही खरीच की. ऐकणारा बघून सांगावं लागतं."

त्यांच्या या इतिहासात मालकांची नावं नसत, स्वारांची क्वचित येत. घोड्यांची मात्र सगळी असत, रंगासकट आणि खोडींसकट. त्यातली गंगीची हकिगत मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल. बहात्तरच्या दुष्काळात चारा नव्हता. घोडी विकली गेली, काही मेली. जत्रा आली तेव्हा गावात गंगी नावाची एकच घोडी शिल्लक होती. शर्यत मोडायची नाही म्हणून ती एकटीच पळवायचं ठरलं. "पळवली कसली, बाई, चालवली. बरगड्या दिसत हुत्या. स्वार पाठीवर बसला न्हाय, लगाम धरून पायी चालला. आन दोनी बाजूला गाव हुबं राहून वरडतंय, पळ गंगे, पळ गंगे. दीपमाळंपाशी आली तवा बाप्येबी रडत हुते." इथं मामू थांबत, उपरण्याच्या टोकानं डोळे टिपत आणि म्हणत, "पर पयली आली की!"

दवाखाना दुपारी ओस पडे. मग मी लिंबाखाली जाऊन बसे. मामू लगतच्या घरात हाक देत, "चाय रख्खो जी, डाक्टरबाई आये," आणि मामी दाराआडून कपबशी पुढं करत. मामी फारशा बोलत नसत. मामू मात्र एकेक खूर हातात घेऊन मला दाखवत राहत. पुस्तकात मी घोड्याच्या पायाची हाडं पाठ केली होती, पण जिवंत घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसायला मला त्यांनी शिकवलं. "घाबरू नका. त्याला कळतं, बाई घाबरल्यात का आळस करत्यात. घाबरलेल्याला ते लाथ मारत न्हाय."

माझ्या चौथ्या महिन्यात जत्रा आली. शर्यतीच्या परवानगीला प्रत्येक घोड्याचा तंदुरुस्तीचा दाखला लागायचा आणि तो मी द्यायचा होता. गावातलं मोठं प्रस्थ म्हणजे मळ्यातले तात्या. त्यांच्या मैना नावाच्या घोडीवर त्या साली सगळ्यांची नजर होती. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. मळ्यात नांगरलेल्या रानात तिला पळवून दाखवलं. मी ताप पाहिला, छाती ऐकली, पाय चाचपले. सगळं ठीक. सही केली, शिक्का मारला, तात्यांच्या घरचा चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातले ड्रेसर भाऊराव धापा टाकत आले. "बाई, चला लवकर. मामूनं मैनेला नाल ठोकायला न्हाय म्हटलंय. तात्या दुकानापुढं हुबं हायत. तुमाला बोलावलंय."

मला राग आला, आणि तो तात्यांचा नाही, मामूंचा. पाच वर्षं कॉलेजात घालवली होती, वर सरकारी शिक्का होता. काही बोलायचं होतं तर आधी मला येऊन सांगायचं. मी तरातरा चालत गेले तर लिंबाखाली पन्नासेक माणसं. मैना खुंटाला बांधलेली. मामू नेहमीसारखे पाठ करून, हात मांडीवर ठेवून बसलेले.

तात्या म्हणाले, "बाई, तुमचा दाखला खरा का ह्या म्हाताऱ्याचे कान खरे, तेवढं एकदा सांगा."

"मामू, मी तपासलीय तिला," मी म्हणाले.

"कुटं तपासली?"

"मळ्यात."

"नांगरलेल्या रानात व्हय? मऊ रानात लंगडं घोडंबी नाचतं, बाई. डांबरीवर काढा तिला."

भाऊरावांनी मैनेला सोडलं आणि डांबरी रस्त्यावर दुडक्या चालीनं पुढं-मागं पळवलं. मी वाकून बघत होते. मान डुलत नव्हती, पाऊल चुकत नव्हतं. "ठीकच दिसतेय की," मी म्हणाले.

"बघू नका. डोळं मिटा."

पन्नास माणसांसमोर डोळे मिटून उभं राहायची मला लाज वाटली. पण मिटले. आणि मला एकदम माझे वडील आठवले. सोलापुरात ते गिरणीत जॉबर होते. शंभर मागांच्या खडखडाटात उभं राहून कुठल्या मागाचा आवाज बदललाय ते सांगायचे. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं की एवढ्या गोंगाटात ऐकू कसं येतं. ते म्हणाले होते, सगळा आवाज सोडून द्यायचा, जो वेगळा आहे तो आपोआप आपल्याकडे येतो. मी तसं केलं. माणसांची कुजबूज सोडली, लिंबावरचे कावळे सोडले. टक्-टक्, टक्-टक्. मग हळूहळू कळायला लागलं. एक ठोका भरून पडत होता आणि पुढचा जरा चोरून. पाऊल टाकायच्या आधी घोडी अंग राखत होती.

मी डोळे उघडले. मामू पहिल्यांदाच रस्त्याकडं वळून माझ्याकडं बघत होते.

"आता कुठला पाय ते हातानं बघा," ते म्हणाले.

चारी खुरांवर मी तळहात ठेवून पाहिला. उजवा पुढचा गरम लागला. मामूंनी पकड पुढं केली. खुराच्या कडेला जरासा दाब दिला तशी मैनेनं पाय हिसकावून घेतला. आत पू धरला होता.

तात्यांनी माणसांना मागं सारलं आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "दोन दिसांवर शर्यत आलीय. एका दिवसाचा तर प्रश्न हाय. पाय बधिर करायची सुई असती की तुमच्याकडं."

"असते. पण मग तिला दुखतंय ते कळणार नाही आणि ती जीव तोडून पळेल. पाय कायमचा जाईल. वर बसलेला माणूसही जाईल."

"बाई, तुमी नव्या हाय गावात. विचार करून बोला."

मी दाखला मागून घेतला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली.  तात्या निघून गेले. त्यांच्यामागं गर्दीही पांगली. तेव्हा मामू म्हणाले, "बसा. पाय लटपटत्यात तुमचे. मला ऐकू येतंय."

मग त्यांनी सांगितलं. ते तरुण असताना कस्तुरी नावाची घोडी होती, तात्यांच्या वडलांची. तिच्यावर स्वार बसायचा मामूंचा धाकटा भाऊ याकूब. "त्या दिवशीबी मला ऐकू आलं हुतं, बाई. असाच एक ठोका कमी. पर मोठ्या मालकापुढं तोंड उघडायची छाती न्हाय झाली. म्या नाल ठोकला." कस्तुरी बाभळीच्या वळणावर कोसळली. तिला तिथंच संपवावं लागलं. याकूबच्या कमरेचं हाड मोडलं. सहा महिने अंथरुणावर काढून तो उठला तो तिरका चालतच, आणि भिवंडीला निघून गेला. पुन्हा गावात आला नाही. "त्येला कुनी सांगितलं न्हाय. पर त्येला ठावं हाय. मला ऐकू येतं हे त्येच्याइतकं कुनाला ठावं असणार?" एवढं बोलून मामू भट्टीतली राख उपसू लागले. त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

संध्याकाळी तात्या आले नाहीत, पण त्यांच्या गड्याबरोबर घोडी आली. मामूंनी खूर कोरला, मी पू काढला, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून आम्ही दोघं तासभर तिच्यापाशी बसलो. ती शर्यत मैनेवाचून झाली. कोण पहिलं आलं ते मला आठवत नाही. आठवतंय ते हे, की तात्यांच्या भावकीनं मामूंकडे घोडी आणणं बंद केलं. लिंबाखालचा खुंट बरेच दिवस रिकामा राहिला आणि मामू जुने नाल सरळ करून पुन्हा वाकवत बसू लागले.

मला पावसाळ्यात बदलीची ऑर्डर आली. ऑर्डरीवर कारण लिहिलेलं नसतं. निघायच्या दिवशी लिंबाखाली गेले तेव्हा मामू पाठमोरेच म्हणाले, "पाऊल जड पडतंय आज."

"जाते, मामू."

"फोनचा नंबर सांगा."

"लिहून देते."

"लिवलेलं मला वाचता येत न्हाय. सांगा. हळू सांगा."

मी एकेक आकडा सांगितला. त्यांनी तीनदा म्हणून दाखवला आणि मान हलवली. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकले तर म्हणाले, "हां हां, पाय बघायचं काम माझं हाय."

माझी बदली अक्कलकोटच्या बाजूला झाली होती. तिथल्या गाई-म्हशींना कन्नडमध्ये चुचकारल्याशिवाय त्या जागच्या हलत नसत. नवी माणसं, नवी धांदल. वर्ष कधी सरलं कळलं नाही. आणि एका चैत्रातल्या दुपारी अनोळखी नंबरावरून फोन वाजला.

"बाई, ऐका," एवढाच आवाज. मग खरखर, लोकांचा कालवा, आणि त्यातून लांबून जवळ येत गेलेला टापांचा गडगडाट. मामूंनी कुणाचा तरी फोन मागून घेऊन जमिनीशी धरला होता. आवाज अंगावर येऊन निघून गेला. मग ते म्हणाले, "सांगा, किती घोडी हुती?"

"सात?"

"आठ. एक लई मागं हुतं. त्येलाबी धरा की." आणि मग हसत, "मैना पळाली, बाई. चारी पाय सारखे. पयली आली."

पुढं खात्याच्या कामानं भाऊराव सोलापुरात भेटले, त्यांनी बाकीचं सांगितलं. जत्रेच्या चार दिवस आधी तात्या स्वतः मैनेचा लगाम धरून लिंबापाशी आले होते.  मामू वळले नाहीत. नुसतं म्हणाले, "आणा आत. आता बरी वाजतीया." तात्यांनी स्वतः तिचा पाय धरला आणि मामूंनी नाल ठोकला.

त्यानंतर दरसाल तो फोन आला. दरवेळी वेगळ्याच नंबरावरून, कारण शेजारी जो उभा असेल त्याचा फोन ते मागून घेत. मी त्या दिवशी दुपारी दवाखान्याचं दार लोटून बसे. टाळेबंदीच्या साली शर्यत झाली नाही. तरी फोन आला. "आज ऐकवायला काय न्हाय, बाई. माळावर वारा हाय. त्येवढा ऐका." आम्ही दोघांनीही बराच वेळ वारा ऐकला. मी त्यांना एकदाही भेटायला गेले नाही. लग्न, मूल, वडलांचं आजारपण, सोलापुरातलं घर. जाऊ जाऊ म्हणत राहिले. फोन येतोय तोवर माणूस आहे, असं काहीतरी मनात धरून बसले होते.

गेल्या दिवाळीत सोलापूरच्या स्टँडवर भाऊराव भेटले. म्हणाले, "मामू गेलं की, बाई. श्रावणात." मी तिथंच बाकावर बसले. माझी गाडी सुटली.

या चैत्रात मी रजा टाकली आणि शर्यतीच्या दिवशी गावात गेले. पत्रा तसाच होता, भट्टीत पालापाचोळा. आता बार्शीकडचा एक कारागीर मोटारसायकलवर येऊन नाल ठोकून जातो. मामी आत चुलीपुढं होत्या. मला पाहून उठल्या, माझे दोन्ही हात धरले.

"तुमाला कळवायचं लई मनात हुतं. पर तुमचा नंबर त्यांच्या डोसक्यात. कागदावर कुटंच न्हाय. शेवटाला आकडं म्हणत हुते. पुन्यांदा पुन्यांदा त्येच आकडं. आमी म्हणलं नालाचं माप सांगत्यात. आता वाटतंय, तुमचाच नंबर असंल."

मी चुलीपाशी बसले. मामी म्हणाल्या, "याकूबभाई आले हुते माती द्यायला. काठी टेकत आले."

बाहेर कर्ण्यावरून घोडी माळावर न्यायची सूचना झाली. मामींनी सवयीनं भाकरीचं पीठ ओढलं. मी विचारलं, "तुम्ही नाही येत बघायला?"

"मी? मी कधी गेले न्हाय. जत्रंच्या दिवशी घरात पावणे. चुलीपुढनं उठायला कधी गावलं?"

घरापासून माळ हाकेच्या अंतरावर होता. पन्नासेक वर्षं त्यांनी ती शर्यत भिंतीपलीकडून ऐकली होती. मी त्यांच्या हातातली परात बाजूला ठेवली. "चला, मामी." त्या नको नको म्हणत उठल्या, हात धुतले, डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला आणि चपला घातल्या.

"ते कुटं हुबं राहायचे?" वाटेत त्यांनी विचारलं.

"बाभळीच्या वळणावर." ते मला त्यांच्या फोनवरून माहीत होतं.

मामींना बघून माणसं बाजूला सरली. तात्या तिथंच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, फार म्हातारे झाले होते. ते काठीवर जोर देऊन उठले आणि खुर्ची मामींकडे सरकवली. मामी बसल्या नाहीत. मामू जिथं उभे राहत असतील तिथं, अगदी कडेला जाऊन थांबल्या.

माळावर आरोळी उठली. आधी पायांखालची जमीन हलली, मग आवाज आला, मग धूळ, आणि धुळीतून घोडी. माना पुढं ताणलेल्या, तोंडाला फेस, स्वार अयाळीला चिकटलेले. मामींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. वळणावर सगळी घोडी एका अंगाला कलली आणि समोरून निघून गेली. मागाहून एकच एक घोडं आलं, तेही गेलं. लोक ओरडत देवळाकडे धावले.

मामी हलल्या नाहीत. धूळ खाली बसेपर्यंत त्या रिकाम्या वाटेकडं बघत राहिल्या.

"दरसाल घरी यायचे आन समदं सांगत बसायचे," त्या म्हणाल्या. "कुटलं घोडं कसं वळलं, कुणाचा पाय कसा पडला. दोन-दोन तास. मी आपली भाकरी थापत हां, हां, म्हणायचे."

त्यांनी पदरानं तोंडावरची धूळ पुसली.

"नीट ऐकायला पायजे हुतं, बाई."